टक्क्यात सांगा न, मॅडम!

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की बारावीनंतर थेट अमेरिकेत शिकायला जायचं असेल तर तिकडचे लोक नववीपासूनचे मार्क मागतात, आणि झालं, तेव्हापासून दुसऱ्या विषयाचा मेलच येईना. म्हणून यावेळी पूर्ण सदर त्यालाच दिलं. आधीच सांगते, मी कन्सल्टंट-बिन्सल्टंट नाही. नागपुरात बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, त्यात तिकडे अप्लाय करणाऱ्या मुलांची रेकमेंडेशन लेटर लिहायची वेळ आली, पहिली चार-पाच अगदी भिकार लिहिली, मग हळूहळू कळत गेलं. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे, सीबीएसई, दहावीला ९७.४ टक्के. जेईईची तयारी सुरू आहे, क्लासच्या टेस्टमध्ये पहिल्या पाचात असतो. पण मला एमआयटीत जायचंय, पुण्याच्या नाही, अमेरिकेतल्या. एसएटीला (तिकडची प्रवेश परीक्षा) १५५० तरी येतील. शाळेत हेड बॉय होतो, डिबेटमध्ये दुसरा आलो होतो. माझा चान्स किती? गोल गोल नको, टक्क्यात सांगा न. (अकरावी सायन्स, धरमपेठ)

उत्तर : बरं बाबा, टक्क्यात सांगते. दोन. परदेशी पासपोर्टवाल्यांचे जेवढे अर्ज एमआयटीकडे जातात त्यातल्या शंभरातून साधारण दोघांना ते घेतात. अमेरिकन मुलं धरून सगळ्यांचा मिळून आकडा साडेचारच्या आसपास आहे. पहिल्या वर्षाचा वर्ग साधारण अकराशेचा, त्यात परदेशी दहा-बारा टक्के, आणि परदेशी म्हणजे फक्त आपण नाही, चीन, कोरिया, केनिया, ब्राझील, सगळे त्याच सव्वाशे खुर्च्यांवर डोळा ठेवून बसलेले. हार्वर्डला २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले, घेतले १,९३७. म्हणजे घरचे-बाहेरचे सगळे मिळूनच साडेतीन टक्के.

पण हे दोन टक्के तुझे नाहीत, ते ढिगाचे आहेत. त्या ढिगात फॉर्म अर्धवट भरून पाठवणारेही असतात आणि देशाच्या टीममधून ऑलिम्पियाडला जाऊन आलेलेही असतात. तू यातला कुठला हे नुसत्या मार्कांवरून सांगता येत नाही, आणि आपल्याकडच्या लोकांचा घोळ इथेच होऊन राहिला. आपल्याला कटऑफची सवय. जोसाचं (आयआयटी-एनआयटीच्या सीटा वाटतात ते) क्लोजिंग रँक पाहायचं, कॅप राउंडची (राज्यातल्या कॉलेजांच्या प्रवेशाची) लिस्ट पाहायची, आपला आकडा बसला की सीट आपली, मग कोणी अडवू शकत नाही. तिकडे कटऑफ नावाची चीजच नाही. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी परत कंपल्सरी केली हे खरं, पण तिथे घेतलेल्या मुलांपैकी मधली अर्धी मुलं मॅथ्समध्ये ७८० ते ८०० च्या मधात असतात. म्हणजे तुला ८०० पैकी ८०० आले तरी तू फक्त फाटकापर्यंत पोचला, आणि फाटकापाशी तुझ्यासारखे हजारो उभे आहेत.

जेईईचं म्हणशील तर तुझी ॲडव्हान्स्डची रँक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ॲडव्हान्स्ड होते मे-जूनमध्ये, एमआयटीचा निकाल लागतो १४ मार्चला (३.१४, पायचा दिवस, तिकडच्या लोकांची गंमत). क्लासच्या टेस्टमधला पाचवा नंबर तर कुठे लिहायचीही सोय नाही. हां, फिजिक्स-मॅथ्सची खरंच ओढ असेल तर होमी भाभा सेंटरच्या ऑलिम्पियाडच्या पायऱ्या चढून पाहा, ते तिकडे ओळखतात, पण मेडल म्हणजे सीट असंही समजू नको.

हेड बॉय प्रत्येक शाळेत दरवर्षी एक असतो. एमआयटीचा फॉर्म कॉमन ॲपवर (एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट) नाही, त्यांचा स्वतःचा आहे, आणि त्यात ॲक्टिव्हिटीला जागा फक्त चार. तुझ्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही, क्लास सुटल्यावर तू काय करतो. माझा एक विद्यार्थी होता, महाल भागात राहायचा, त्याला कूलरचं खूळ होतं. नागपूरचा मे महिना, घराघरात कूलर, हा पोरगा वुडवूल, हनीकोम्ब आणि वाळा असे तीन प्रकारचे पॅड लावून कशात पाणी किती जातं आणि हवा किती थंड होते ते मोजत बसायचा, दोन उन्हाळे वहीत लिहून काढले, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे पंप यानेच दुरुस्त केले. जुलैत दमट हवा आली की कूलर काऊन चालत नाही हे त्याला वर्गात शिकवायच्या आधी माहीत होतं, मलाच येऊन सांगितलं. एमआयटीने त्याला घेतलं नाही. दुसऱ्या एका चांगल्या कॉलेजने घेतलं, जवळपास पूर्ण मदत देऊन. तर तुझं कूलर काय आहे ते मला पुढच्या मेलमध्ये लिही, मग बोलू. आणि जेईई सोडू नको, सगळ्या आयआयटी मिळून बीटेकच्या १७ हजारांवर सीटा आहेत, त्यापुढे हे सव्वाशे म्हणजे काय ते तुझं तूच पाहा.

प्रश्न : मी एका बँकेत नोकरीला आहे, मिसेस गृहिणी, वार्षिक उत्पन्न चौदा लाखांच्या आसपास. मुलगी बारावीत, हुशार आहे, अमेरिकेचं घेऊन बसली आहे. एक फ्लॅट आहे, बुटीबोरीकडे एक प्लॉट आहे. काउन्सेलरचं म्हणणं की फॉर्ममध्ये फायनान्शियल एड मागूच नका, मागितली की चान्स कमी होतो, पहिलं वर्ष कसंही करून भरा, मग तिथे गेल्यावर मागता येते. हे बरोबर आहे का? (एक बाबा, मानेवाडा)

उत्तर : भाऊ, अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचं घर विकायची पाळी येईल.

आधी बरोबर काय ते सांगते. तिकडच्या कॉलेजांचे परदेशी मुलांच्या बाबतीत दोन प्रकार आहेत. काही ठिकाणी मुलाला घ्यायचं की नाही हे ठरवताना त्याने पैशाची मदत मागितली की नाही ते पाहतच नाहीत, याला ते नीड-ब्लाइंड म्हणतात. परदेशी मुलांसाठीही असं करणारी कॉलेजं बोटावर मोजण्याएवढी आहेत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲमहर्स्ट, बोडिन, नोत्र दाम अशी. बाकी बहुतेक सगळी, स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेन, कॅलटेक सुद्धा, नीड-अवेअर. म्हणजे दोन सारखी पोरं समोर असली आणि एकाला चार वर्षांत तीन लाख डॉलर द्यावे लागणार असले तर तो हिशोब टेबलावर येतो. तिथे एड मागितल्याने चान्स कमी होतो हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही.

आता दुसरं अर्धं. या वरच्या खाजगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला साधारण ८५ ते ९५ हजार डॉलर. रुपयात पाऊण कोटीच्या वर, चार वर्षांचे तीन कोटी. तुम्ही पहिलं वर्ष कसंही करून भरलं, प्लॉट विकला, पीएफ काढला, आणि दुसऱ्या वर्षी मदत मागायला गेले तर बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलांसाठी नियमच असा आहे की अर्ज करताना मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मिळणार नाही. मग पोरगी दुसऱ्या वर्षी परत. ज्याने हा सल्ला दिला त्याची फी तर तेव्हा केव्हाचीच खिशात गेलेली असेल.

आणि एक उलटी गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते. हार्वर्ड आणि एमआयटी या दोघांनी २०२५-२६ पासून ठरवलंय की घरचं उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलरच्या खाली असेल आणि मालमत्ता नेहमीसारखी असेल तर आईवडिलांनी काही भरायचं नाही, फी नाही, राहणं-खाणं नाही. तुमचे चौदा लाख म्हणजे सोळा हजार डॉलर होतात. मानेवाड्यात तुम्ही सुखवस्तू, तिकडच्या हिशोबात गरीब. म्हणजे तुमच्या मुलीसाठी सगळ्यात प्रसिद्ध कॉलेजं हीच सगळ्यात स्वस्त आहेत, आणि ज्यांचं नाव तुम्ही ऐकलं नाही अशी शंभरातली नव्वद तुम्हाला परवडणार नाहीत. उलट बर्कली, मिशिगन, जॉर्जिया टेक ही सरकारी युनिव्हर्सिटी, नाव मोठं, पण परदेशी मुलांना घरची परिस्थिती पाहून मदत जवळपास नाहीच, तिथे अप्लाय करून ॲडमिशन मिळालीच तर घरात रडारड होते फक्त.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, त्यात पगार, एफडी, फ्लॅट सगळं विचारतात, प्लॉट पण. नागपूरकराला प्लॉट लपवायची फार हौस, पण तिथे खरं लिहा. नीड-अवेअर ठिकाणांपैकी कॉर्नेलचं पाहून ठेवा, टाटा ट्रस्टने २००८ मध्ये अडीच कोटी डॉलर देऊन खास भारतातल्या गरजू मुलांसाठी तिथे स्कॉलरशिप उभी केली आहे. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला नोव्हेंबरमध्ये अर्ज आणि मिळालं तर जाणं बंधनकारक, त्याने चान्स वाढतो म्हणतात, पण मदत पुरेशी नाही मिळाली तर सुटता येतं हे लक्षात ठेवूनच करा. तुमच्याजागी मी असते तर नीड-ब्लाइंडमधली चार-पाच, मदत पूर्ण देणारी पण नीड-अवेअर अशी पाच-सहा, विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, वासर वगैरे, आणि घराजवळचा भारतातला पर्याय, एवढीच लिस्ट केली असती. मुलीसमोर बसून आकडा सांगून टाका, वर्षाला आपण एवढे देऊ शकतो, बस. तो आकडा न सांगता फॉर्म भरणारे लोक मी फार पाहिले.

प्रश्न : मी स्टेट बोर्डाचा, पण कॉलेज नावालाच आहे, टाय-अप वालं, फक्त प्रॅक्टिकलला जातो, पूर्ण दिवस क्लासमध्ये. आता कॉमन ॲप दोन टीचरचं आणि एका काउन्सेलरचं लेटर मागून राहिलंय. कॉलेजात मला कोणी ओळखत नाही. ऑफिसमधले म्हणतात तूच लिहून आण, आम्ही शिक्का मारतो. चालेल का? (बारावी, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : नाही चालणार. खोटं आहे म्हणून तर नाहीच, पण लेटर वाईट होईल म्हणूनही नाही, कारण सतरा वर्षांचा पोरगा स्वतःबद्दल लिहितो तेव्हा स्वतःला पुतळ्यासारखा उभा करतो, आणि वाचणाऱ्याला दोन ओळीत कळतं.

या टाय-अप प्रकरणाने आपल्या शहरातल्या मुलांचं काय नुकसान होऊन राहिलं ते जेईईच्या निकालात दिसत नाही, ते असल्या वेळी दिसतं. दोन वर्षं एका मुलाला कुठल्याच शिक्षकाने वर्गात हात वर करताना पाहिलेलं नाही. मी ज्या कॉलेजात होते (नाव नाही सांगत) तिथेही शेवटच्या काही वर्षांत हेच झालं, ६० जणांच्या हजेरीपटावर वर्गात अकरा. त्यातल्या एकाने लेटर मागितलं तेव्हा मी त्याला विचारलं, तुझं नाव काय रे?

आता करायचं काय ते पाहा. काउन्सेलर आपल्याकडे नसतोच, त्याजागी प्रिन्सिपल किंवा व्हाइस प्रिन्सिपल चालतात, त्यांच्याकडे जाऊन बस, कॉलेज कसं आहे, किती मुलं, मार्क कसे देतात, याची एक पानभर माहिती, स्कूल प्रोफाइल म्हणतात त्याला, ती त्यांना तयार करायला मदत कर. त्यात टाय-अपची सोय खरी काय आहे ते लिहू द्या. तिकडे भारतातले अर्ज वाचणारे लोक वेगळे असतात, त्यांनी हा प्रकार पाहिलेला आहे. टीचरपैकी एक प्रॅक्टिकलवाले सर बघ, नुसतं प्रॅक्टिकल का असेना त्यांनी तुला काम करताना पाहिलंय. दुसरं, दहावीला ज्यांनी शिकवलं आणि ज्यांना तू आठवतो अशा बाई, अकरावी-बारावीचे असले तर बरं असतं पण नसतील तर ओळखणारा माणूस केव्हाही चांगला. एमआयटीला तर एक मॅथ्स-सायन्सचा आणि एक भाषा-इतिहासाकडचा असे दोन पाहिजेत, त्यामुळे मराठीच्या मॅडमना विसरू नको. क्लासचे सर जास्तीचं तिसरं लेटर देऊ शकतात, कॉलेजच्या टीचरच्या जागी नाही.

आणि सरांना एक सांग, 'ओबिडियंट, सिन्सिअर, हार्डवर्किंग' हे तीन शब्द नको. माझ्या पहिल्या लेटरमध्ये हेच होते, शिवाय 'बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर'. तिथल्या माणसाने असली हजार लेटर वाचलेली असतात. त्याऐवजी एक प्रसंग, एखादा चुकलेला प्रयोग, मुलाने विचारलेला एखादा अडचणीचा प्रश्न, मार्क वाढवून घ्यायला नाही, नुसतं विचारायला आला असा एखादा दिवस. मराठीत लिहून देत असतील तर घे, भाषांतर दुसऱ्या शिक्षकाकडून करून मूळ कागदासोबत पाठवता येतं. ऑक्टोबरच्या शेवटी पळापळ करू नको, दिवाळीत ऑफिसला कुलूप असतं.

प्रश्न : आमचं गाव काटोलजवळ, बाबांची संत्र्याची बाग. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता नागपूरला मावशीकडे राहून अकरावी. यूट्यूबवर पाहिलं की एनजीओ सुरू करावी लागते, रिसर्च पेपर पाहिजे, नाहीतर घेत नाहीत. माझ्याकडे यातलं काहीच नाही. सुट्टीत घरी गेली की बागेतच काम असतं. इंग्लिश पण वाचता येते पण बोलताना अडकते. मी अप्लाय करावं का? (अकरावी, मानकापूर)

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मधे एका ओळीत तू लिहिलंय की फळगळ किती झाली ते तू झाडांना रिबिनी बांधून मोजते, आठवीपासून, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आलेली झाडं वेगळ्या रंगाची रिबिन. आणि खाली लिहिते माझ्याकडे काहीच नाही. बाप्पा! अगं, ते पैसे भरून रिसर्च पेपर करून घेणारी मुलं याच्यासाठी लाखभर रुपये घालवून राहिली.

एनजीओची आयडिया डोक्यातून काढ. सतरा वर्षांच्या मुलाने काढलेल्या आणि ॲडमिशन झाल्यावर बंद पडलेल्या एनजीओ तिकडे पोत्याने येतात. कॉमन ॲपच्या दहा ॲक्टिव्हिटीमध्ये एक प्रकारच 'घरची जबाबदारी' असा आहे, बागेत काम, लहान भावाला सांभाळणं, आजीची औषधं, सगळं त्यात बसतं आणि कोणी हसत नाही. प्रत्येकीला जागा दीडशे अक्षरांची आहे, शब्द नाही, अक्षरं, तेव्हा रिबिनी आणि आकडे तेवढे लिही. तुझ्या वह्या घेऊन एकदा अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जा, कोणी ना कोणी भेटेल बोलायला, सर्टिफिकेट मागू नको, प्रश्न विचार. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची) गळ आणि मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची) गळ यातला फरक तुझ्या आकड्यात दिसतो का, हा प्रश्न मलाच पडला वाचताना.

निबंध साडेसहाशे शब्दांचा असतो. त्यात गरिबीचं रडगाणं गाऊ नको आणि गावाचा उद्धार करायची घोषणाही करू नको. एका झाडाचं लिही हवं तर. आधी मराठीत लिही, अगदी बोलते तसं, मग तूच इंग्लिश कर, चुका मावशी काढेल. कोणाकडून पॉलिश करून घेतला की तो धरमपेठच्या कुठल्याही मुलाचा वाटायला लागतो.

इंग्लिशचं, टोफेल किंवा आयईएलटीएसची परीक्षा महाग वाटली तर ड्युओलिंगोची घरूनच देता येते आणि पुष्कळ कॉलेजं घेतात, एमआयटी पण. एका अर्जाची फी पंचाहत्तर-ऐंशी डॉलर, ती परिस्थिती सांगून माफ होते, मागायची लाज नको. सल्ला फुकट पाहिजे तर मुंबईत यूसिफचं (भारत-अमेरिका शिक्षणाचं काम पाहणारी संस्था) ऑफिस आहे, एज्युकेशन यूएसए हे अमेरिकन सरकारचं सल्ला केंद्र त्यांच्याकडेच आहे, ऑनलाइनही बोलतात. चान्स? तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे, आणि ते फक्त तुझंच आहे, यापलीकडे मी खोटं बोलणार नाही, शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना नकारच येतो. म्हणून कृषी महाविद्यालयाचा आणि सीईटीचा फॉर्म वेळेवर भर.

प्रश्न : एका कन्सल्टन्सीने सहा लाखांचं पॅकेज सांगितलं, टॉप २० मध्ये हमखास, निबंध तेच लिहून देणार, नाही झालं तर अर्धे परत. घ्यावं का? (एक आई, बजाजनगर)

उत्तर : 'हमखास' म्हणाले तिथेच उठून यायचं होतं ताई. हमखास देण्यासारखं त्यांच्या हातात काहीच नाही, कोणाच्याच हातात नाही. दुसऱ्याने लिहिलेला निबंध सापडला तर मिळालेली सीटही जाते, आणि फॉर्मवर सही तुमच्या मुलाची असते, त्यांची नाही. आणि 'अर्धे परत' चं गणित मांडून पाहा, दहा घरांतून सहा-सहा लाख घेतले, एकाही मुलाचं झालं नाही तरी तीस लाख त्यांचे.

प्रश्न : माझी भाची न्यू जर्सीत जन्मली, तिसरीपासून नागपुरात आहे, पासपोर्ट अमेरिकन, इथे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांचं कार्ड). तिला पण परदेशी म्हणूनच धरतील का? (मामा, प्रतापनगर)

उत्तर : नाही मामा, तिचं गणित सगळंच वेगळं. पासपोर्ट पाहतात, राहणं नाही. मदतीच्या बाबतीत ती त्यांच्या घरची मुलगी, वर मी जी दोन टक्क्यांची रडकथा लावली ती तिला नाही, व्हिसा लागत नाही, सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म भरता येतो, आणि कोलंबिया-कॉर्नेल सारख्या ठिकाणीही अमेरिकन नागरिकांना नीड-ब्लाइंडच घेतात. फक्त एक, न्यू जर्सीत जन्म झाला म्हणून तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत स्वस्त फी लागेल असं धरू नका, त्याला आईवडिलांचं राहणं त्या राज्यात लागतं.

प्रश्न : नातू जायचं म्हणतो. पेपरात रोज काही ना काही येतं, व्हिसा बंद, हार्वर्डवर बंदी. पाठवावं का एवढ्या लांब? (आजी, गोकुळपेठ)

उत्तर : आजी, पेपरवाले खोटं नाही लिहीत. २०२५ च्या मे महिन्यात हार्वर्डला परदेशी मुलं घ्यायलाच मनाई करायचा प्रयत्न तिथल्या सरकारने केला, कोर्टाने थांबवलं. त्याच महिन्याच्या शेवटी विद्यार्थी व्हिसाच्या नवीन मुलाखती जवळपास तीन आठवडे थांबल्या होत्या, आणि सुरू झाल्या तेव्हापासून मुलांना आपले सोशल मीडिया अकाउंट उघडे ठेवावे लागतात. सप्टेंबरात नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नवीन अर्जाला एक लाख डॉलर फी लावली. शिकून झाल्यावर एक वर्ष, आणि सायन्स-इंजिनीअरिंग असेल तर आणखी दोन वर्षं काम करता येतं, हे अजून आहे, पण नातू आज अकरावीत असेल तर तो पास होईपर्यंत पाच-सहा वर्षं जातील, तोपर्यंत काय असेल यावर मी पैज लावणार नाही. म्हणून कर्ज काढून, तिथल्या नोकरीतून फेडू या हिशोबाने पाठवणार असाल तर नको. पूर्ण मदत मिळाली तर जाऊ द्या. व्हिसाची मुलाखत मुंबईला बीकेसीत असते, तेव्हा विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन तेवढं लवकर करून ठेवा.

प्रश्न : चौदा ठिकाणी अप्लाय केलं, तेरा नकार, एक वेटलिस्ट, तीही गेली. आता नागपुरातच इंजिनीअरिंग फर्स्ट इयर. लाखाच्या वर नुसती अर्जांची फी गेली, बाबा बोलत नाहीत माझ्याशी. ट्रान्सफर करावी का दुसऱ्या वर्षी? (फर्स्ट इयर, हिंगणा रोड)

उत्तर : ट्रान्सफरला या वरच्या कॉलेजांत जागा आणखीनच कमी असतात, कारण वर्ग आधीच भरलेला असतो, आणि परदेशी ट्रान्सफरला मदत देणारे त्याहून कमी. दुसऱ्या वर्षीही तोच हट्ट धरला तर इथला सीजीपीए जाईल आणि ते पण होणार नाही, असं मी दोघांचं झालेलं पाहिलंय.

दुसरा रस्ता मोठा आहे, आपले बहुतेक लोक त्यानेच जातात. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यातले बीए-बीएस करणारे फक्त ३६,०५३ आणि एमएस-पीएचडीवाले १,९६,५६७. एमएसला मदत क्वचित मिळते, पण सायन्स-इंजिनीअरिंगच्या पीएचडीला फी माफ आणि वर महिन्याचा खर्च मिळतो, तिथे तुझा पासपोर्ट कुठला यापेक्षा तू लॅबमध्ये काय केलं ते जास्त चालतं. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तीही पदव्युत्तर आणि पीएचडीलाच. तर पुढची तीन वर्षं कॉलेजातला एखादा काम करणारा प्रोफेसर धर आणि त्याच्या मागे लाग.

बाबांचं सांगू? ते फीवरून गप्प नाहीत, त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं असेल. महिनाभरात बोलतील. शनिवारी सकाळी त्यांना तर्री पोहे खायला घेऊन जा, नाही बोलले तरी खातील.

एवढेच घेता आले यावेळी, एसएटीच्या क्लासबद्दलचे सात-आठ प्रश्न पुढच्या अंकात. आणि हात जोडून विनंती, प्रश्नासोबत मार्कशीट, आधार कार्ड, बँक स्टेटमेंट असले फोटो पाठवू नका. एका काकांनी तर बेसा रोडच्या प्लॉटचा सातबारा पाठवलाय, हा सीएसएस प्रोफाइलमध्ये दाखवू की नको म्हणून. दाखवा काका.